जाऊच्या हातचा दाणा

माझी कोंबडी माझ्या हातचं खात नव्हती आणि जाऊच्या हातचं खात होती. हे ज्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्या दिवशी अंगाची नुसती लाही झाली. कोंबडीवरून कुणी एवढं जळतं का, असं वाचणारा म्हणेल. जळतं. मी जळले.

आमचं गाव ईटच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. चुली वेगळ्या, अंगण एक. समोरच्या घरात माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते. तोंडावर तुम्ही म्हणते, मनात ती म्हणते, आणि इथंही मनातलंच लिहिणार आहे. सासूला आम्ही दोघी आत्या म्हणतो. आत्या जेवतात आक्काकडं, झोपतात आक्काकडं, आणि माझ्याकडं चहाला येतात, तेही मी घरी असले तर. मी भूमला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. सकाळी साडेआठची एसटी, यायला संध्याकाळ होते.

माहेर आणि सासर दोन्ही धरून पहिली पदवी माझी. वडील मेंढरं राखायचे. त्यांच्या मागं फिरायचं सोडून मी धाराशिवला वसतिगृहात राहिले आणि बी.एस्सी. झाले. याचा मला अभिमान आहे आणि तो झाकून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही. अर्ध्या गावाचे पीकविम्याचे फॉर्म माझ्या हातचे असतात. आक्का चौथी शिकलेली. सही करताना जिभेचं टोक बाहेर येतं तिच्या. तरी घरात शेळी अडली, कुणाला उलट्या झाल्या, कढी फुटली, की आत्यांच्या तोंडून पहिली हाक जाते ती तिला. "थोरलीच्या हाताला गुण हाय," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. माझ्या हाताबद्दल आत्या एकदाच बोलल्या होत्या. "धाकटीचं अक्षर सुरेख हाय," म्हणाल्या होत्या.

कोंबड्या दोघींच्याही होत्या. माझ्या पाच, तिच्या अकरा. गेल्या उन्हाळ्यात मी भूमच्या जनावरांच्या दवाखान्यातून मानमोडीची लस आणली. डॉक्टर लोक या रोगाला राणीखेत म्हणतात. आमच्याकडं मानमोडी, कारण तो कोंबडीची मानच मोडून टाकतो. लस गार ठेवावी लागते. मी रसवंतीवाल्याकडून बर्फाचा खडा मागून घेतला, जेवणाच्या डब्यात टाकला, त्यात ती बोटाएवढी बाटली ठेवली आणि डबा मांडीवर धरून एसटीतून आणला. कोंबड्यांना दोन तास तहानलेलं ठेवलं, मग पाण्यातून लस पाजली. बाटलीतली अर्धी माझ्या कोंबड्यांना, अर्धी आक्काला दिली. आपण होऊन दिली. तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे नोंदवून ठेवते.

आखाड तोंडावर आला आणि रोग आला. तीन दिवसांत माझ्या पाचातल्या चार गेल्या. पंख पाडून कोपऱ्यात बसायच्या, हिरवं हगायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाय ताणून पडलेल्या असायच्या. समोर आक्काच्या अकराच्या अकरा ठणठणीत. सकाळी ती ज्वारी टाकायची, अकरा तुरे हालायचे आणि मी माझ्या दारात हातात रिकामं सूप घेऊन उभी असायचे. माझ्याच लशीनं तिच्या वाचल्या आणि माझ्या गेल्या. देव असा वाटा कसा घालतो, हे मला कळेना. तिची एखादी तरी जायला हवी होती, असं वाटायचं. असं वाटणं वाईट आहे हेही कळायचं, पण त्यानं वाटणं थांबत नव्हतं.

पाचवी उरली ती कवडी, अंगावर पांढऱ्या काळ्या कवड्यांचे ठिपके असलेली. ती मेली नाही, पण तिची मान फिरली. आधी नुसती तिरकी झाली. मग डोकं असं उलटं झालं की तुरा जमिनीकडं आणि चोच आभाळाकडं. चालायला गेली की मागं मागं जायची, स्वतःभोवती गरकन फिरायची आणि कोलमडायची. भांडं वाजलं तरी भेदरून चार कोलांट्या घ्यायची. दाणा दिसायचा तिला. ती टोचा मारायची तो दाण्यापासून बोटभर लांब, मातीत. एकच दाणा सात आठ वेळा चुकायची आणि मग दमून बसायची.

आत्यांनी तिला एकदा बघितलं. "कापा आज. उद्या टाकून द्यावी लागंल," म्हणाल्या.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं रीतच ती. कोंबडी आजारली की तिच्या आधी सुरी तयार असते. बरी होईपर्यंत कोंबडीची सेवा करायची, ही कल्पनाच कुणाला नाही.

"म्या बरी करते," मी म्हणाले. शब्द असे गावाकडचे तेव्हाच येतात, जेव्हा मी हट्टाला पेटलेली असते.

"कशी? पुस्तक वाचून?"

"व्हय. वाचून."

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी मुदत घातली. "पुढल्या मंगळवारी मरीआईचा निवद हाय. त्या दिवशीपर्यंत आपल्या तोंडानं खाया लागली तर ठेव. न्हाय तर म्या सुरी लावणार. मुकं जनावर उपाशी तडफडतं ते बघवत न्हाय."

बरं म्हणाले. आठ दिवस होते. चार गेल्या त्यांचं काही नाही, पण ही एक वाचवून दाखवायची होती. कुणाला दाखवायची होती, ते वेगळं सांगायला नको.

दवाखान्यातून जीवनसत्त्वाचे थेंब आणले. ई जीवनसत्त्वाची गोळी सुईनं टोचून तिचं तेल चोचीत सोडायचं, हे मोबाईलवर वाचलं होतं, तेही केलं. घमेल्यात पोतं अंथरून तिला ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं, उजेडानं भेदरू नये म्हणून. सकाळी बसच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी तिला काखेत घ्यायचे, डाव्या हातानं मान हळूहळू सरळ करायचे, धरून ठेवायचे, आणि उजव्या हातानं ड्रॉपरमधून पातळ पेज सोडायचे. तिची मान हातात रबरासारखी ओढ घ्यायची. पाय झाडायची. अर्धी पेज नाकातून बाहेर यायची. माझ्या ब्लाऊजच्या बाह्या रोज खरकट्या व्हायच्या. तरी मी सोडलं नाही. कुणी हात लावायचा नाही, असं दोन्ही घरांत बजावून मी भूमला जायचे.

आणि गुण येत गेला. चौथ्या दिवशी ती पायावर उभी राहिली. पाचव्या दिवशी गरगर फिरणं कमी झालं. संध्याकाळी उचललं की गळ्याखालची दाण्याची पिशवी हाताला भरलेली लागायची. मी ऑफिसात फोटो दाखवले. तिथले सगळे मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले आणि ते मला आवडत होतं. घरी आल्यावर आत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी नवऱ्याला सांगायचे, "अन्न उतरतंय बघा खाली. मान सरळ धरली की बरोबर उतरतं."

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. दुपारच्या गाडीनं आले. अंगणात शेवग्याखाली आक्का बसली होती, पाय पसरून, आणि दोन पायांच्या मधी माझी कवडी. मान तशीच उलटी. आक्का तिच्या पाठीमागं बसली होती. तिनं मान धरलीच नव्हती. बाजरीच्या पिठाची ओली गोळी बोटाच्या टोकावर घेऊन ती बोट चोचीच्या पुढ्यात नेत होती, चोच आभाळाकडं असेल तर आभाळाकडून, पाठीकडं असेल तर पाठीकडून. कवडी टपकन गोळी उचलत होती. मान वळवून वळवून गिळत होती. एक झाली की आक्का दुसरी वळायची. तोंडानं सारखं काहीतरी बोलत होती तिच्याशी, आपण तान्ह्या लेकराशी बोलतो तसं. आत्या बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या.

माझ्या हातचा एकही थेंब ती अशी मागून घेत नव्हती.

"आक्का, काय करताय?"

"आलीस? जेवू घालते तुझ्या लेकीला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिसापासनंच की. तू गेलीस की ही लई तडफडायची गं. तुझ्या त्या पिचकारीनं नाकातनं पाणी येतं तिच्या."

म्हणजे ती भरलेली पिशवी आक्काची होती. पायावर उभं राहणंही आक्काचंच. आणि मी ऑफिसात फोटो दाखवत फिरत होते.

"मान सरळ केल्याशिवाय अन्न उतरत नसतं," मी म्हणाले.

"आन् मग हे काय उतरतंय? तिचं तोंड जिथं हाय तिथं घास न्यायचा. तोंड घासापाशी हजर व्हायला ती काय तुझ्या हापिसातला शिपाई हाय व्हय?"

आत्या हसल्या. लसूण सोलता सोलता, खाली बघून, पण हसल्या.

तिची पद्धत बरोबर होती याचं मला दुःख नव्हतं. ती इतकी सोपी होती याचं होतं. इतके दिवस मी कोंबडीची मान सरळ करत बसले आणि एकदाही मला सुचलं नाही की हात वाकडा करावा.

मी पुढं झाले आणि कवडीला तिच्या पायांमधून उचललं. "माझी कोंबडी हाय. सांगितलं हुतं ना, हात लावू नका म्हणून." आणि तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं, पण थांबले नाही. आक्कानं मरीआईच्या निवदासाठी महिन्याभरापूर्वी ईटच्या बाजारातून एक तांबडा कोंबडा आणला होता. तो तिथंच उकिरड्यावर माती उकरत होता. मी त्याच्याकडं हात केला. "रोग आणला कुणी? ह्या तुमच्या बाजारच्या कोंबड्यानं आणला. माझ्या चार मारल्या त्यानं. आता पाचवीची सेवा करताय."

आक्काचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, हे खरं सांगते.

आत्यांनी लसणाचं ताट खाली ठेवलं. "धाकटी म्हणती ते खरं असंल तर तो कोंबडा देवीला चालायचा न्हाय. संशयाचं जनावर म्या निवदाला देत नसते. थोरले, झाक त्याला. बुधवारी बाजारला नेऊन सोड."

आक्कानं कोंबडा धरला, त्याच्यावर डालं उपडं घातलं आणि वर दगड ठेवला. आत गेली. मी कवडीला घेऊन माझ्या घरात गेले आणि दार लावलं.

त्या शनिवारी संध्याकाळपासून कवडीनं खाणं सोडलं. मी ड्रॉपर बाजूला ठेवला आणि आक्कासारखी गोळी वळून बघितली. बोट पुढं नेलं की ती मान मागं घ्यायची आणि कोलमडायची. मी बोलून बघितलं. काय बोलावं तेच सुचेना. "खा," म्हणाले. "खा की." माझ्या हाताचा तिनं धसका घेतला होता. इतके दिवस हा हात तिच्या मानेला धरून ओढत होता, ते ती विसरणार कशी? रविवारी सकाळी पिशवी रिकामी लागली, दुपारीही रिकामीच. अंगणापलीकडं आक्काचा आवाज यायचा, तिच्या कोंबड्यांना हाका मारल्याचा, आणि ही घमेल्यात कान दिल्यासारखी गप्प व्हायची. तो आवाज बंद करता आला असता तर मी केला असता.

रविवारी दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी खाण्यापिण्याचं विचारलं. मग म्हणाले, "पण मॅडम, लस तुम्ही माझ्याकडूनच नेली होती की. मग रोग कसा काय आला?"

"बाजारचा कोंबडा आलाय आमच्यात. त्याच्यापासून आला."

"कोंबडा आजारी आहे का?"

"नाही."

"मग त्याला कशाला धरताय? हा रोग चपलेला चिकटून येतो, पोत्याला चिकटून येतो. कुठूनही येऊ दे, लस लागली असती तर एवढं नुकसान झालं नसतं. पाजली कशातून?"

"पाण्यातून. स्वच्छ पाण्यातून. पिण्याच्या हंड्यात आम्ही क्लोरीनचे थेंब टाकतो, त्याच पाण्यातून."

त्यांनी मला तिथंच थांबवलं. मग म्हणाले, "ती जिवंत लस असते. क्लोरीननं मेली असणार. त्या दिवशी आडाचं साधं पाणी घ्यायला पाहिजे होतं. मी सांगितलं होतं तेव्हा."

सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. मला माहीत आहे असं समजून मान हलवली असेल, जशी मी नेहमी हलवते.

फोन ठेवला आणि उन्हाळ्यातला तो दिवस जसाच्या तसा आठवला. मी आक्काला म्हणाले होते, तुमच्या भांड्यातही हंड्यातलंच पाणी घ्या. ती म्हणाली होती, "नगं बाई. त्या पाण्याला औषदाचा वास येतो. माझ्या कोंबड्या आडाचंच पितील." अडाणी आहे म्हणून मी मनात हसले होते. थेंबांनी पाण्यातले जंतू मरतात हे मी बी.एस्सी.ला शिकले. लशीत जंतूच असतो हेही शिकले. दोन्ही धडे पाठ होते. एका भांड्यात ते कधी एकत्र केले नाहीत.

हे कुणाला सांगायची गरज नव्हती. फोनवर काय बोलणं झालं ते एकट्या मला माहीत. कोंबडा बुधवारी बाजारला गेला असता, मंगळवारी कवडी कापली असती, आणि अंगणात सगळ्यांनी धरून चालले असते की चूक थोरलीची. रविवारची संध्याकाळ मी हाच हिशेब करत बसले. एका बाजूला आक्काचा उतरलेला चेहरा होता, तो मला अजून चार दिवस बघायला मिळाला असता. दुसऱ्या बाजूला कवडी. ती आता उभीही राहत नव्हती.

सोमवारी सकाळी ऑफिसची साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, मी घमेलं उचललं आणि अंगण ओलांडलं. आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहिले.

"खाईना झाली," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं. "मग? आणलीस कशापायी? माझ्या हाताला रोग हाय न्हवं?"

"आक्का, रोग कोंबड्यानं न्हाय आणला. माझी लस मेली हुती. हंड्याच्या पाण्यानं. डॉक्टर म्हणाले."

भाकरी उलटली. तिनं कडा बोटांनी दाबल्या. मला वाटलं आता रडेल नाही तर शिव्या देईल, आणि दोन्हीला मी तयार होते.

"म्हंजे माझ्या कशानं वाचल्या?"

"आडाच्या पाण्यानं."

"वास येतो म्हनून म्या घेतलं न्हवतं ते पाणी."

"व्हय."

"आन् तू हसली हुतीस."

मी मनातच हसले होते. तिला कसं दिसलं, कोण जाणे.

तिनं भाकरी शेकून टोपल्यात ठेवली, हात धुतला आणि तव्याखालचं लाकूड मागं ओढलं. "आत्यास्नी तूच सांगायचं. म्या न्हाय सांगणार. आन् कोंबडा डाल्याखालनं तूच काढायचा, तुझ्या हातानं."

"काढते."

"आदी हिकडं बस."

"गाडी चुकंल माझी."

"चुकू दे की. कोंबडी मेल्यावर जायचं हाय का गाडीत बसून?"

अंगणात ती बसली आणि मला तिच्या शेजारी जमिनीवर बसवलं, ऑफिसच्या साडीसकट. कवडीला पायांमधी घेतलं. पिठाची गोळी वळून ती माझ्या बोटाच्या टोकावर ठेवली, माझ्या हाताखाली स्वतःचा हात घातला आणि तो हळूहळू चोचीकडं नेला. कवडीनं मान मागं घेतली. आक्का बोलायला लागली, तेच तान्ह्या लेकराचं बोलणं. माझं मनगट तिच्या तळव्यावर टेकलेलं. तिसऱ्या वेळेला कवडीनं गोळी उचलली. मग पाण्याचे दोन थेंब चमच्याच्या कडेवरून. मग आणखी एक गोळी. डांबरी रस्त्याकडून माझी गाडी गेल्याचा आवाज आला.

माझ्या बोटावरची गोळी ती खात होती, पण बोलणं आक्काचं होतं आणि खालचा हातही आक्काचा. मला शिकवत होती ती, शाळेत हात धरून अक्षर गिरवून घेतात तसं. आणि मी बसल्या बसल्या जळत होते. कोंबडी वाचतेय म्हणून बरं वाटत होतं, ती अशी वाचतेय म्हणून जळत होते, आणि दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

पाचव्या की सहाव्या गोळीला माझ्या लक्षात आलं की मनगटाखाली काही नाही. आक्कानं हात कधी काढून घेतला ते कळलंच नव्हतं. ती मागं रेलून पदरानं तोंड पुसत होती, बोलणंही थांबवलं होतं तिनं. कवडीनं उलट्या मानेनं चोच फिरवली, माझं बोट शोधलं आणि गोळी उचलली. मी घाईनं दुसरी वळली. तीही घेतली.

मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर आत्या बघतायत का ते बघितलं. त्या गोठ्याच्या टोकाला शेळीला पाला घालत होत्या, आमच्याकडं पाठ करून.

आक्काच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हाक मार की," ती म्हणाली. "हिनं तुझ्या हातचं खाल्लं ते सांग. आन् पाण्याचं बी सांग. दोन्ही एकदमच सांगायचं, एकच न्हाय."

मी हाक मारली.